उन्हाळी मुक्कामात तळ्याला सकाळ द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन कुटुंबं, चार मोठी माणसं आणि पाच, नऊ नि बारा वर्षांची तीन मुलं. शुक्रवारी काम आटोपून निघायचं, रविवारी रात्री घरी. गाडी जाते तिथे, साधारण १,८०० मीटर उंचीवर, तंबू लावायचे. तिथून चार किलोमीटर चालून ३०० मीटर चढलं की तळं. शनिवारची सकाळ निवांत घालवायची, दुपारी जेवून तळ्यावर जायचं, पोहायचं आणि जमलं तर दुसरी रात्र थेट तळ्याकाठीच काढायची. सोबत काय काय न्यावं, उन्हाळाच आहे तर पांघरायला साधी चादर पुरेल का, आणि धाकट्याला न्यावं की नाही, हे तुम्ही विचारलंय.

सामानाचं सांगतो, पण तुमची खरी अडचण सामानाची नाही, तासांची आहे. शुक्रवार प्रवासात जाणार आणि रविवार आवराआवरीत. म्हणजे डोंगरात तुम्हाला पहिल्या उजेडापासूनची एकच मोकळी सकाळ मिळते, ती शनिवारची. ती तुम्ही तंबूपाशी घालवताय आणि डोंगरातली सगळ्यात बेभरवशाची वेळ, म्हणजे दुपार, तळ्याला देताय. हे उलटं करा. बाकी मी जे काही सांगणार आहे ते यातूनच निघतं.

काही गोष्टी जागेवर अवलंबून आहेत, त्या आधी पाहून घ्या. तळं नैसर्गिक आहे की धरणाचं, त्यात वरचं बर्फ वितळून पाणी येतं का, भोवती झाडी आहे की उघडा माळ, आणि तिथे मुक्कामाला व पाण्यात उतरायला परवानगी आहे का. याची उत्तरं तिथल्या माणसांकडून किंवा वनखात्याकडून घ्या, फोटो बघून ठरवू नका. त्या आठवड्याचा हवामानाचा अंदाज निघायच्या आदल्या दिवशी पाहा. चार दिवस आधी पाहिलेल्या अंदाजावर मी कधीच गट बाहेर काढत नाही. मी बावीस वर्षं डोंगरात मुक्कामी गट नेतोय आणि त्यांत मुलंबाळं घेऊन येणारी कुटुंबंच जास्त असतात, त्यामुळे पुढचं सगळं त्याच अनुभवातून आहे.

आधी चालीचा हिशेब. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा आडाखा मांडला होता आणि तो आजही वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ३०० मीटर चढाईला अर्धा तास जास्तीचा. तुमच्या वाटेला तो लावला तर सव्वा तास होतो. पण हा आडाखा धडधाकट, सवयीच्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. पाच वर्षांचं मूल सोबत असलं की मी तो आकडा सरळ दुप्पट करतो आणि वर थोडा वेळ मोकळा ठेवतो. मूल दर दहा मिनिटांनी काहीतरी पाहायला थांबतं, आणि त्याने थांबावंच, त्यासाठीच तर आपण त्याला नेतो. तेव्हा वर जायला अडीच ते तीन तास धरा, उतरायला दोन. जेवून एक वाजता निघालात तर चार वाजता तळ्यावर पोचाल, दमलेली मुलं घेऊन, आणि तासाभरात परत फिरावं लागेल. नाहीतर अंधारात उतरावं लागेल.

त्याहून मोठं कारण आकाशाचं आहे. उन्हाळ्यात सकाळी डोंगराचे उतार तापायला लागतात, त्यांना लागून असलेली हवा तापून वर चढते, आणि ती दमट असेल तर अकरा-बाराच्या सुमारास माथ्यांवर कापसाचे पुंजके दिसू लागतात. हे पुंजके आडवे पसरत असतील तर फारसं काही होत नाही. पण ते उभे वाढू लागले, फुलकोबीसारखे फुगून त्यांचा तळ सपाट आणि काळसर झाला, की दोन-तीन तासांत गडगडाट ठरलेला. दुपारी वाराही वाढतो. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी दोन वाजता लाटांनी फुटताना मी शेकडो वेळा पाहिलंय. वीज पडायची असेल तर उघडं पाणी आणि त्याचा उघडा काठ यांच्याइतकी वाईट जागा नाही, कारण तिथे पाण्याबाहेर डोकावणारं सगळ्यात उंच काही असेल तर ते आपलं डोकं.

विजेचं अंतर मुलांना मोजायला शिकवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची आपल्यापाशी पडू शकते. त्या क्षणी पाण्याबाहेर, काठापासून दूर, माथ्याची धार सोडून खाली यायचं. एकट्या उभ्या झाडाखाली थांबायचं नाही. तंबूही विजेपासून वाचवत नाही. गाडी जवळ असेल तर काचा लावून गाडीत बसा. दूर असेल तर सारख्या उंचीच्या दाट झाडीत, एकमेकांपासून अंतर राखून थांबा. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर पुरती तीस मिनिटं कुणीही बाहेर पडायचं नाही. नऊ वर्षांची मुलं हे मोजण्याचं काम फार चोख करतात. त्यांच्याकडेच सोपवा, भीतीही कमी होते.

तेव्हा शनिवार असा धरा. पहाटे साडेपाचला उठायचं, सहा-सव्वासहाला काहीतरी गरम पोटात ढकलून साडेसहाला चालायला लागायचं. नऊ-साडेनऊला तळं. अकरा-साडेअकरापर्यंत तिथे, मग परत, दीड-दोनला तंबूत. दुपार सावलीत लोळण्यात आणि पत्ते खेळण्यात जाऊ द्या. शिवाय परतीची वेळ घरातूनच ठरवून निघा. मी म्हणतो, साडेदहापर्यंत तळं दिसलं नाही तर जिथे असाल तिथून मागे फिरायचं. हे आधी ठरलेलं नसेल तर ऐन वेळी कुणीतरी म्हणतं, ‘आता आलंच की, एवढं वळण.’ त्या वळणापायी दोन वाजतात.

आता पाण्याबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटते. डोंगरातल्या तळ्याचं पाणी हात घालून पाहिलं तर उन्हाळ्यात बरं लागतं. पण तापलेला थर वरचा असतो, कधी कमरेइतका, कधी त्याहूनही कमी. त्याखाली पाणी झटकन गार होतं, कारण गार पाणी जड असतं आणि खाली बसून राहतं. काठाने चालत गेलं तर पायांना हा फरक कळतो. खडकावरून उडी मारली की कळत नाही, शरीर थेट त्या गार थरात जातं.

एकदा आमच्या गटातल्या एका तरुणाने अशीच उडी मारली. चांगला पोहणारा, शहरातल्या पोहण्याच्या तलावात रोज किलोमीटर मारणारा. मी दहा पावलांवर काठावर उभा होतो. तो वर आला तेव्हा तोंड उघडं होतं, डोळे मोठे झालेले, आणि घशातून आत ओढलेल्या श्वासाचे आखूड आखूड आवाज येत होते. हात पाण्यावर आपटत होते पण पुढे काही सरकत नव्हता. मला हाक मारणं त्याला शक्यच नव्हतं, कारण ओरडायला श्वास बाहेर सोडावा लागतो आणि त्याचं शरीर फक्त आत ओढत होतं. दोरी हातात होती म्हणून ती टाकली, त्याने धरली, आणि अर्ध्या मिनिटात तो खडकाला टेकला. तळ्याच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या लोकांना काही घडलं हेच कळलं नाही. तेव्हापासून माझ्या गटात उडी बंद आहे, कुणी कितीही तरबेज असो.

याला शास्त्रीय आधार आहे. कॅनडातले गॉर्डन गीसब्रेख्ट हे प्राध्यापक थंड पाण्याचा शरीरावर होणारा परिणाम अभ्यासतात. त्यांनी लोकांना लक्षात राहावं म्हणून १-१०-१ असा हिशेब सांगितला. खूप गार पाण्यात अचानक पडलं तर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात. आणि शरीराचा गाभा थंड पडून शुद्ध हरपायला साधारण एक तास जातो. म्हणजे माणूस आधी गारठून मरत नाही, आधी श्वासाने आणि मग हातपायांनी दगा खातो. चुकून कुणी पडलंच तर पहिलं मिनिट पोहायची घाई करायची नाही, पाठीवर तरंगायचं आणि श्वास शांत होऊ द्यायचा. हे मुलांना जमिनीवर उताणं झोपवून करून दाखवा, नुसतं सांगून लक्षात राहत नाही.

बाकी पाण्याचे माझे नियम साधे आहेत. चालत उतरायचं, आधी मान नि तोंड ओलं करायचं. मुलांना फुगवायच्या रबरी चकत्या नाही, अंगाला नीट बांधलेलं लाइफ जॅकेट, मापाचं, खांद्यांना धरून उचललं तरी कानांपर्यंत न सरकणारं. फुगवलेल्या खेळण्यांना वारा आत ढकलत नेतो, आणि त्यामागे पोहत जाणारा मोठा माणूस अडकतो. धाकटा पाण्यात असेल तर एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर, पाण्यातच. शिवाय काठावर एक राखणदार, वीस मिनिटांची पाळी, फोन सॅकमध्ये. चार मोठी माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून पाळी नाव घेऊन द्यायची आणि घ्यायची. मी एक शिट्टी गळ्यात देतो, शिट्टी ज्याच्या गळ्यात तो बघणारा.

तळं धरणाचं असेल तर मी पाण्यात उतरूच नका म्हणेन. काठ एकदम खोल जातो, गाळात पाय रुततो, बुडालेल्या झाडांच्या फांद्या दिसत नाहीत आणि पाणी कधी सोडतील ते आपल्या हातात नसतं. पाय बुडवून बसा, मुलांना तेवढंही पुष्कळ होतं. आणि नैसर्गिक तळ्यावरसुद्धा पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर माणसांनी नाही आणि सोबतच्या कुत्र्यानेही नाही, कुणीही उतरू नये. तसलं शेवाळ विषारी असू शकतं आणि पाणी उकळून ते विष जात नाही.

मुलांना पाण्याबाहेर काढायची वेळ त्यांना थंडी वाजायच्या आधीची असते. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मला आठवते. हसत हसत बाहेर आली, खडकावर बसली, आणि तिची आई खाऊ काढेपर्यंत तिच्या जॅकेटची चेन तिला लावता येईना. बोटं चेनच्या टोकावरून घसरत होती. ती थंडी वाजतेय असं म्हणत नव्हती, ‘चेन खराब आहे’ म्हणत होती. ओठ पाहिले तर निळसर. चेन चांगली होती. आम्ही तिचे ओले कपडे सगळे उतरवले, कोरडे चढवले, टोपी घातली, वाऱ्याच्या आड बसवलं आणि गोड गरम पाणी घोट घोट दिलं. वीस मिनिटांत गाडी रुळावर आली. पण त्या दिवशी थर्मासमध्ये गरम पाणी नसतं तर? तेव्हा थर्मास, प्रत्येक मुलाचा एक कोरडा जोड आणि लोकरी टोपी, या तीन गोष्टी ऊन कितीही असलं तरी तळ्यावर न्यायच्याच. लहान अंग पटकन गार होतं. पंधरा मिनिटं पाण्यात, मग पुसून उन्हात, हवं तर पुन्हा पंधरा मिनिटं.

दुसरी रात्र तळ्याकाठी काढायची तुमची कल्पना मला समजते. सकाळी तंबूची चेन उघडली की समोर पाणी, हे चित्र सगळ्यांच्याच मनात असतं. तरीही मी नको म्हणतो. सूर्य मावळला की उतारांवरची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखीच खाली वाहत जाते. तळं असतं खोलगटात, म्हणजे ही सगळी गार हवा रात्रभर त्याच वाटीत साठत राहते. मी एकदा दोन सारखे थर्मामीटर घेऊन हे मोजलं: पहाटे पाच वाजता काठावर चार अंश आणि तिथून जेमतेम वीस मीटर उंचावरच्या टेपाडावर नऊ. त्याच रात्री खाली लावलेले तंबू आतून ओले झाले होते, वरचे जवळजवळ कोरडे. आपल्या श्वासातली वाफ गार कापडावर पाणी होऊन बसते, आणि पाण्याकाठी हवा आधीच दमट असते. भर म्हणजे डास, आणि रात्री पाण्यावर येणारी जनावरं, ज्यांची वाट आपण अडवून बसलेलो असतो. मुलांना घेऊन तंबू-सामानासकट ३०० मीटर चढायचं ते वेगळंच.

म्हणून दोन्ही रात्री गाडीपाशी, एकाच जागी. जागा निवडताना पाण्यापासून निदान साठ मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावलं, आणि थोडं वर. पण अगदी माथ्यावर नाही, तिथे वारा झोपू देत नाही. मग मान वर करून झाडं बघा. वाळकी, अडकून राहिलेली फांदी दिसली तर तिच्याखाली तंबू नको, वारा नसतानाही ती पडते. मग खाली बघा. कोरडा ओहोळ सपाट आणि मऊ वाळूचा असतो म्हणून फार मोहात पाडतो, पण पाऊस वरच्या अंगाला पडला तरी पाणी तुमच्याकडेच येणार. जमिनीला किंचित उतार असेल तर डोकं चढाकडे. तंबूचं बाहेरचं कापड जमिनीपर्यंत टाचून बंद करू नका, वरच्या खिडक्या उघड्या ठेवा. थंडी वाजेल म्हणून सगळं बंद केलं की पहाटे कापडावरून थेंब टपकतात आणि मग खरी थंडी वाजते.

शुक्रवारी रात्री अंधारात पोचणार असाल तर एक विनंती आहे. तंबू घराजवळ एखाद्या मैदानात दोनदा लावून बघा, आणि दुसऱ्यांदा हेडटॉर्चच्या उजेडात. ज्याने लावला त्यानेच घडी करून भरायचा. एका गटात आम्ही रात्री नऊला पिशवी उघडली तर दोन तंबूंची कापडं होती आणि काठ्या एकाच्याच. आधीच्या मुक्कामानंतर कुणी वाळवताना काठ्या वेगळ्या ठेवल्या होत्या. सहा माणसं तीन जणांच्या तंबूत बसून राहिली, झोपली कुणीच नाही, आणि त्यांची दुसऱ्या दिवसाची सगळी चाल त्या एका रात्रीने खाल्ली. शक्य असेल तर तुम्ही शुक्रवारची रात्र पायथ्याशी छपराखाली काढून शनिवारी अगदी पहाटे वर या, असंही मी सुचवेन. अर्थात तेव्हा तळ्याची सकाळ निसटते आणि तळं रविवारी सकाळवर जातं. मग दोन्हींतलं एक निवडा. मुलं गाडीत झोपणारी असतील तर मी शुक्रवारीच वर पोचणं पसंत करतो.

आता चादर. उंची वाढली की तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. समजा खाली सपाटीवर रात्री २६ अंश असतात. १,८०० मीटर वर गेलात की बारा अंश कमी, म्हणजे चौदा. आकाश निरभ्र असेल आणि जागा खोलगट असेल तर आणखी पाच-सहा अंश सहज जातात. म्हणजे आठ-नऊ अंशांची तयारी हवी. तुमच्या सपाटीवरचा आकडा टाकून हा हिशेब तुम्हीच करा, पण चादर पुरणार नाही हे नक्की. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे छापलेले असतात, एक ‘कम्फर्ट’चा आणि एक ‘लिमिट’चा. विकणारा बरेचदा दुसरा, कमी आकडा सांगतो. तो अंग आखडून रात्र काढता येते एवढ्याच अर्थाचा असतो. तुम्ही पहिला पाहा, आणि तो पाच अंशांच्या आसपास असू द्या. विकत घ्यायची गरज नाही, पहिल्या खेपेला भाड्याने आणा.

त्याहून महत्त्वाची आहे ती खालची मॅट. इथे नवखी माणसं हमखास चुकतात. पांघरूण जाड आणतात आणि अंथरूण विसरतात. बॅगेतला कापूस किंवा पिसं उब धरतात ती फुगून, आणि आपल्या अंगाखाली ती दबून कागदासारखी होतात. मग जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेत राहते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती अडवते याचा आकडा, लिहिलेली असते; उन्हाळी मुक्कामाला दोन ते तीन पुरते. तशी मिळाली नाही तर साध्या फोमच्या दोन मॅट एकावर एक टाका. मोठ्यांच्या बॅगेत मुलाला झोपवणार असाल तर पायांकडचा रिकामा भाग दुमडून दोरीने बांधा, नाहीतर ती पोकळी तापवण्यातच मूल गार पडतं. आणि झोपायचे कपडे वेगळे ठेवा, जे दिवसभर घातलेले नाहीत. घामाने किंचित दमट झालेला शर्ट हाताला कोरडा लागतो, पण रात्री दोन वाजता त्याचं खरं रूप कळतं.

स्वयंपाक आणि पाणी यांत थोडक्यात सांगतो. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, दर ३०० मीटरला सुमारे एक अंश कमी, म्हणून तुमच्या मुक्कामावर ते ९४ अंशांच्या आसपास उकळेल आणि शिजायला जास्त वेळ व जास्त गॅस लागेल. झटपट शिजणारं न्या. स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही, पाऊस असला तरी नाही, दार उघडं ठेवूनही नाही. जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप येतेय असं वाटत माणूस जातो. आणि शेकोटी नको. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी वाऱ्याबरोबर कुठे जाते ते दिसत नाही, आणि डोंगर जळतो तेव्हा त्यातली घरटी, पिल्लं, रोपं सगळं जळतं. हे मी पाहिलंय, आणि विझवायला हातात फांद्या घेऊन धावलोय. मुलांना रात्री शेकोटीऐवजी टॉर्च बंद करून आकाश दाखवा.

भांडी तळ्यात घासायची नाहीत. पाणी भरून आणून साठ मीटर लांब. साबण, मग तो ‘नैसर्गिक’ असला तरी, तळ्यात नको. शौचालाही तेवढंच अंतर, एक वीत खोल खड्डा, वर माती, आणि कागद पिशवीत घालून परत. यासाठी बागकामातली छोटी खुरपी न्या. मुलांना आदल्या दिवशीच दाखवलं तर लाजत नाहीत. सनस्क्रीनबद्दल: दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, शिवाय पाण्यावरून परावर्तन होतं, त्यामुळे गार वाऱ्यातही कातडी जळते. पण अंगभर मलम थापून तळ्यात उतरलं की ते सगळं पाण्यात जातं. म्हणून पाण्यात लांब बाह्यांचा शर्ट, आणि मलम फक्त तोंडाला, मानेला. उंचीच्या त्रासाचं मात्र फार मनावर घेऊ नका. तो साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो, तुम्ही २,१०० पर्यंत जाताय. कुणाचं डोकं दुखलं तर आधी पाणी आणि सावली द्या.

रविवारी घाई करू नका. सूर्य वर येऊन तंबूचं कापड वाळेपर्यंत थांबा, दहा-अकरापर्यंत वाळतं. ओला भरावाच लागला तर घरी पोचल्या रात्रीच दोरीवर टाका, सोमवारवर ढकलू नका, आठवड्यात बुरशी धरते.

राहिला धाकटा. नेऊ नका असं मी म्हणणार नाही. पाच वर्षांचं मूल तीन तास चढतं, त्याला पुढे चालू दिलं तर. मागे ठेवलं तर त्याला सगळा वेळ पाठीच दिसतात आणि ते रडतं. त्याच्या पाठीवर त्याची एक छोटी सॅक द्या, आत त्याचा कोरडा जोड आणि शिट्टी. पण शुक्रवारी रात्रीच, सगळे एकत्र बसलेले असताना, हे ठरवा की तो मध्येच बसला तर त्याच्याबरोबर कोण थांबणार. एक जण पुरत नाही, दोन हवेत: एकाला काही झालं तर मूल एकटं पडायला नको. उरलेल्या दोघांनी थोरल्या दोघांना तळ्यावर न्यायचं, ठरल्या वेळेला त्याच वाटेने परत यायचं, दुसरी वाट धरायची नाही. अर्ध्या वाटेवर ओढा किंवा सावलीची जागा आहे का, ते नकाशावर आधी बघून ठेवा. तिथे थांबलेल्या मुलाला तळं चुकलं असं वाटू नये म्हणून थांबणाऱ्यांच्या सॅकमध्ये खाऊचा चांगला वाटा आणि एखादं भिंग असू द्या. ओढ्यातले दगड उलटून किडे बघण्यात त्याचे दोन तास कसे जातील ते तुम्हालाही कळणार नाही. दगड मात्र पुन्हा होता तसाच ठेवायला सांगा.